वन्सं, गाडी विकलेली नाही

वन्सं, आधी महत्त्वाचं सांगून टाकते. गाडी विकलेली नाही. विकणारही नाही. ज्यांना ती विकायची होती त्यांची तोंडं अजून फुगलेली आहेत. फुगू देत.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत आपल्या घरी भेटायला जो जो आला त्याच्या तोंडी एकच वाक्य. चहा पिताना तेच, चपला घालताना तेच. ‘पावसात मोटरसायकल चालवून चालवून गेली हो बिचारी.’ अहो, कुठली बिचारी? सत्तावन्न वर्षांची, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेली, अख्खी शाळा जिच्या नुसत्या खाकरण्याला घाबरते ती बाई बिचारी? आणि गाडीनं काय केलं म्हणे? मंगळवारी सकाळी तुम्ही रत्नागिरीहून निघालात, तीसेक किलोमीटर पाऊस अंगावर घेत मालगुंडाजवळच्या तुमच्या शाळेत वेळेवर पोचलात, गाडी शेडमध्ये स्टँडवर लावलीत, रेनकोट खिळ्याला टांगलात, शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात घेतलात आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. त्या वेळी गाडी शेडमध्ये होती आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये. गेलात तुम्ही खुर्चीत, तर मग खुर्ची विकायला काढा ना! ते कुणाला सुचत नाही.

हे मी लोकांच्या तोंडावर बोलले. एकदा नाही, तीनदा बोलले. त्यामुळे सुहासच्या बायकोला दुःख झालेलं दिसत नाही, तोंड मात्र सुटलंय, असं ठरलेलं आहे. ठरू दे. तुमच्या भावालाही तसंच वाटत असेल तर त्याचं त्याच्यापाशी.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं होतं, नणंदेला वन्सं म्हणायचं. तुम्ही दारातच म्हणालात, ‘हे बघ रंजू, वन्सं म्हटलंस की मला उगीच डोक्यावर पदर घेतल्यासारखं वाटतं. शालूताई म्हण.’ म्हणून एरवी शालूताई, आणि भांडण काढायचं असलं की वन्सं. तुम्हालाही ते पाठ झालं होतं. ‘वन्सं’ ऐकलं की हातातली वही मिटायचात आणि म्हणायचात, ‘बोल, काय चुकलं?’ आज सुरुवातच वन्सं अशी केली आहे. तेव्हा वही मिटा.

मी बुरोंडीची. बाबा मच्छीमार, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे काय ते कुणाला माहीतच नव्हतं. तुमच्या सावर्ड्याच्या आत्यांनी लग्नाच्या पंगतीत सुहासला ऐकवलं, ‘अगो बाई, बाजारच आणलास की रे घरात!’ मी ताटावर बसलेली. तुम्ही वाढता वाढता म्हणालात, ‘बरं झालं आत्या. या घरात एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं.’ आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी टाकून पुढे गेलात. त्या दिवशी मी तुमची झाले. नवऱ्याची व्हायला अंमळ वेळ लागला.

तेव्हाही तुमच्याकडे ही गाडी होती, किंवा हिच्या आधीची. रत्नागिरीत तेव्हा बाई मोटरसायकलवर दिसली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. तुम्ही म्हणायचात, बघू देत, त्यांना तरी काय काम असतं! लग्न केलं नाहीत, सोनं केलं नाहीत, गाडी मात्र केलीत. तीन गाड्या झिजवल्यात त्या आरे-वारेच्या रस्त्यावर.

मला मात्र तुम्ही माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकवायला धरलंत. सुहास मला स्टँडवर सोडायचा आणि पाऊस असला की तेही नाही, कारण कॉलेजात असताना तो एकदा पावसात पडला होता, हनुवटीला टाके पडले होते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर त्याची स्कूटर ताडपत्रीखाली. मी छत्री सावरत एसटीची वाट बघत उभी, ऑफिस पालीच्या वाटेवर, रोज उशीर, रोज बोलणी. एक दिवस ओली होऊन घरी आले तर तुम्ही उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणालात, ‘किती वर्षं मागे बसणार आहेस गो?’

रविवारी सकाळी आपण सड्यावर जायला लागलो. उघडा कातळ, झाड ना झुडूप, पडायला जागा मुबलक. सगळे म्हणाले स्कूटी शिकवा तिला, बायकांना ती बरी. तुम्ही म्हणालात, ‘गिअरची शिकली की काहीही चालवेल. आणि बायकांना काय बरं ते बायका ठरवतील.’ पहिल्या दिवशी मी क्लच सोडला आणि गाडी माझ्याशिवाय पुढे गेली. तुम्ही धावत जाऊन तिला धरलंत आणि मला विचारलंत, ‘लागलं का?’ मी हो म्हणाले. तर म्हणे, ‘तुला नाही विचारलं.’ गाडीला विचारत होतात! वन्सं, तुमच्यासारखी खत्रूड बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण शिकवलंत मात्र असं, की अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. लाल माती वाहून रस्त्यावर आली असेल तिथे ब्रेक नाही, वळण नाही, विचार नाही. सरळ जायचं. पुलावर वारा बाजूनं आला तर त्याच्याकडेच झुकायचं. साचलेलं पाणी किती खोल ते पाण्याकडे बघून नाही, समोरच्या गाडीच्या चाकांकडे बघून ओळखायचं. रेनकोट उलटा घालायचा, बटणं पाठीवर, म्हणजे समोरून पाणी छातीत शिरत नाही. आणि हेल्मेटच्या काचेवर तंबाखू चोळायची, म्हणजे थेंब धरत नाही. ही विद्या तुम्ही म्हणे एसटीच्या एका जुन्या ड्रायव्हरकडून घेतली होतीत. तुम्ही स्वतः टपरीवर जाऊन पुडी आणायचात आणि रेनकोटच्या खिशात ठेवायचात.

उलट्या रेनकोटची बटणं स्वतःची स्वतःला लावता येत नाहीत. म्हणून पावसाळ्यात रोज सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायचात. मी कणकेचे हात धुऊन बटणं लावायची. पाच बटणं. तुम्ही तेवढ्यात कालचं भांडण, नाहीतर आजची भाजी, नाहीतर नववीतल्या कुणाचे तरी प्रताप सांगून घ्यायचात. आपल्या दोघींचं अर्धं आयुष्य त्या पाच बटणांत बोलून झालं.

आणि बुरोंडी. ते मी कुणाला नीट सांगितलेलंच नाही.

बाबांचं शेवटचं आलं तेव्हा आषाढच होता. फोन आला, आजचा दिवस काढतील असं वाटत नाही. एसटी बंद, घाटात दरड आलेली. सुहास म्हणाला, उद्या सकाळी गाडी ठरवू. त्याची चूक नव्हती, तो घाबरट आहे, दुष्ट नाही. तुम्ही शाळेतून नुकत्या आलेल्या, पायातून पाणी निथळत होतं. काही न बोलता पेट्रोल बघितलंत आणि मला म्हणालात, ‘बस.’ जयगडला पहिली फेरीबोट मिळाली. गुहागरपर्यंत माझे दात वाजत होते आणि तुम्ही पाढे म्हणत होतात. एकोणतीसचा पाढा! मी विचारलं हे काय, तर म्हणालात, डोकं कामात असलं की थंडी कमी वाजते, तूही म्हण. मला एकोणतीसचा येत नाही हे तेव्हा तुम्हाला कळलं आणि त्याही परिस्थितीत तुम्ही ‘शी!’ म्हणालात. धोपाव्याला दुसरी बोट सुटायच्या बेतात होती, खाडी खवळलेली, खलाशी दोर सोडतोय. तुम्ही उतारावरूनच ओरडलात, ‘तिचे वडील जातायत! थांबव!’ त्यानं थांबवली. बोटीवर आपण दोघी गाडीला दोन बाजूंनी धरून उभ्या होतो, आणि मी पहिल्यांदाच तुमच्यापुढे रडले. तुम्ही गाडीच धरून ठेवलीत, माझ्याकडे बघितलं नाहीत. मला ते बरं वाटलं.

बाबा शुद्धीवर होते. मला ओळखलं. मग दारात पाण्याचं थारोळं करून उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघून विचारलं, ‘वाटेत पाऊस होता काय?’ आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, त्याला पावसाचीच चौकशी. तुम्ही म्हणालात, ‘थोडा.’ बाबा हसले. दोन तासांनी गेले. सकाळी गाडी ठरवून गेले असते तर मला नुसतं बंद तोंड बघायला मिळालं असतं. तुमच्यामुळे मला माझ्या बापाचं हसू मिळालं, शालूताई. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तुम्ही ‘बरं बरं, पोळी करपतेय’ म्हणून विषय बदलला असतात. तरी म्हणायला हवं होतं.

आणि त्याच बाईला मी गेल्या महिन्यात काय म्हटलं? तेही लिहिते. लपवणार नाही.

तुम्ही गेलात मंगळवारी, भांडलो आपण रविवारी. त्या आठवड्यात मी सुहासची ताडपत्रीखालची स्कूटर काढून ऑफिसला गेले होते, येताना घसरता घसरता वाचले होते, घाबरले होते, आणि ती भीती तुमच्यावर काढली. म्हटलं, ‘वन्सं, आता वय झालं. पुढच्या मे महिन्यात निवृत्तच होणार आहात, हा एक पावसाळा एसटीनं जा. मीही गाडी बंद करते.’ तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, ‘मग चार वर्षं शिकलीस कशाला?’ मी म्हटलं, चूक झाली. तुम्ही म्हणालात, ‘मी नाही बंद करणार आणि तूही करू नकोस.’ शब्दानं शब्द वाढला, आणि मी म्हणाले, ‘तुम्हाला काय! तुमच्यामागे रडायला कोण आहे? पडलात की निस्तरायचं आम्हाला!’

तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही काही बोलला नाहीत असं पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.

आता दहाव्याची गंमत ऐका. गंमतच म्हणते.

खाडीच्या काठी, शेडमध्ये. बायकांनी तिथे जायचं नसतं, असं आत्या म्हणाल्या. मी गेले. मग त्याही आल्या. सुहासनं केस काढलेले, तुमचा धाकटा भाऊ एकदम म्हातारा दिसत होता. पिंड मांडला, भटजी बाजूला झाले, आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत उभे. पाऊस असा की समोरचं पाणी दिसेना. कावळा कुठला येतोय! पाव तास गेला. सुहास म्हणाला, ‘ताई, घराची काळजी करू नको.’ कावळा नाही. कुणी म्हणालं, ‘शाळेत तुमच्या नावानं बक्षीस ठेवू.’ कावळा नाही. मग आत्यांनी इकडेतिकडे बघून पर्स उघडली आणि पिंडापाशी, तुमच्या आवडत्या साबुदाण्याच्या वड्याशेजारी, तंबाखूची पुडी ठेवली. आणि चुन्याची डबी. नवी कोरी!

भटजी बघतच राहिले. आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘तिला होतं हो व्यसन. शाळेतून आलेल्या रेनकोटच्या खिशात सापडली मला. एकटी बाई, लागतं काहीतरी. कुणाला सांगू नका.’

वन्सं, मी हसले. दहाव्याला, पिंडासमोर, तोंडावर पदर धरूनही आवाज बाहेर येईल इतकं हसले. सुहास माझ्याकडे असा बघत होता की ही आता गेली हातची. मी म्हटलं, ‘आत्या, ती काचेला लावायची तंबाखू आहे. हेल्मेटच्या काचेला! पाणी धरत नाही त्यानं.’ भटजींना पटलं, त्यांच्याकडेही मोटरसायकल आहे. त्यांनी ते डोक्यात नोंदवून ठेवलेलंही मी बघितलं. पण आत्यांना अपमान वाटला. तुमची लाज राखायला एक म्हातारी सावर्ड्याहून चुन्याची डबी घेऊन येते, हे एका परीनं प्रेमच की. ते मला आज कळतं. तेव्हा हसू थांबत नव्हतं.

मग आत्यांनी खरी गोष्ट काढली. ‘जीव अडकलाय तिचा त्या गाडीत. तुला नादाला लावलंन, आता तुझं काहीतरी होईल ही काळजी लागलीय तिला. सांग इथे, सगळ्यांसमोर, की गाडी विकू आणि मी पुन्हा मोटरसायकलला हात लावणार नाही. बघ कसा येईल कावळा.’ सुहास म्हणाला, ‘सांग ना रंजना. सांगायला काय जातं?’ त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, हे मला तिथे, पिंडापुढे समजलं. ओल्या पंचात कुडकुडत उभा होता बिचारा. त्याला बहीण गेल्यावर आता बायको जायला नको होती, एवढंच होतं त्याचं. मला त्याची दया आली. एक वाक्य तर बोलायचं होतं. आणि दोन आठवड्यांपूर्वी ते मीच तुम्हाला बोलले होते की!

पण जमेना. तुमच्यासमोर, म्हणजे तुमच्या पिंडासमोर, जीभ वळेना. मी पुढे झाले आणि माझ्या बाजारच्या आवाजात सांगितलं, ‘शालूताई, गाडी विकणार नाही. मी चालवणार. पावसात चालवणार. हे पटत नसेल तर राहा अशाच अडून.’

कावळा आला नाही. आत्या म्हणाल्या, ‘बघ!’ मी म्हटलं, ‘आत्या, मी बोलायच्या आधी पाऊण तास तरी कुठे आला होता?’ भटजी शहाणे. म्हणाले, ‘वहिनी, या पावसात कावळे झाडात दडून बसलेत, त्यांना कुणाचं काही पडलेलं नाही.’ त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि झालं. आत्या घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तुमचं समाधान झालं की नाही ते मला कुणी विचारू नये. तुमचं समाधान जिवंतपणीही कधी कुणाला करता आलं नाही.

आता माझं भांडण. हे फक्त तुमच्याशी.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि ओवा मागितलात. पित्त झालंय म्हणालात. छातीवर हात होता तुमचा. मी बघितला. मी डबा तुमच्यापुढे सरकवला आणि भाजी ढवळत राहिले, कारण रविवारपासून आपण बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाठ करून उभ्या राहिलात. मी पाच बटणं लावली. एक शब्द नाही. तुम्हीही नाही, मीही नाही.

का नाही बोललात, वन्सं? ‘रंजू, छातीत दुखतंय’ एवढं म्हणायला काय झालं होतं? मी भांडले असते, ओरडले असते, पण त्याच गाडीवर मागे टाकून तुम्हाला डॉक्टरकडे नेलं असतं. पाऊस असता तरी नेलं असतं. दुनियेला पाढे शिकवलेत आणि पित्त कुठलं नि काळीज कुठलं ते कळलं नाही तुम्हाला? की कळलं होतं, आणि रडायला कोण आहे असं विचारणाऱ्या बाईला सांगावंसं वाटलं नाही? हे एकच मला खातं. लोक पावसाला बोलतात, गाडीला बोलतात. मला माहीत आहे बोलायचं कुणाला. माफी मागणार नाही मात्र. मागायची तर तुम्ही समोर हव्या होतात. कान धरून घ्यायला.

तर काल मी गाडी आणायला गेले. दोन आठवडे ती शाळेच्या शेडमध्येच होती. सुहास म्हणाला टेम्पो पाठवू, तिथूनच परस्पर गिऱ्हाइकाला देऊ. मी सकाळच्या एसटीनं निघाले, हेल्मेट मांडीवर घेऊन. कंडक्टरनं दोनदा बघितलं हेल्मेटकडे.

शाळेत मला गाडीपाशी सोडून सगळे वर्गात गेले, ते बरं केलं. किक मारली. नाही. चोक ओढून मारली. नाही. वीस किका मारल्या, घामानं रेनकोट आतून ओला. मग तुम्ही शिकवलंत तसा प्लग काढला, ओढणीनं पुसला, फुंकला, परत बसवला. सहाव्या किकला लागली. आवाज ऐकला. तिथेच सीटवर हात टेकून उभी राहिले.

शाळेची शिपाईणबाई आली, काही न विचारता माझ्या पाठीमागे गेली आणि रेनकोटची बटणं लावायला लागली. म्हणाली, ‘निघताना शालूबाईंची मीच लावायची. तुमचं नाव यायचं रोज. आमची रंजना आता माझ्यापेक्षा बरी चालवते, म्हणायच्या.’

खोटं बोलायचात तुम्ही शाळेत. माझ्यापुढे एकदा तरी म्हणायचं होतंत.

नेवऱ्यापर्यंत ठीक होतं. पुढे समुद्र आणि पाऊस एकच झाले होते, आणि माझी काच आतून धुरकटली. तंबाखूचा उपयोग नव्हता, पाणी आतल्या बाजूला होतं. हुंदके देत रडत होते मी, हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत. कोण आहे म्हणून विचारलं होतं ना मी? मी आहे. मी रडतेय. ऐकू येत असेल तर ऐका, नाहीतर सोडून द्या.

आणि आरे-वारेच्या उतारावर मी पडले.

वळणावर लाल माती वाहून आली होती. सरळ जायचं माहीत होतं. पण विचार केला. विचार केला आणि पुढचा ब्रेक दाबला. वेग नव्हता, पण गाडी आडवी आणि मी चिखलात बसकण मारलेली. कोपर सोलवटलं, आरसा मोडला. एक मोटार थांबली, काच चार बोटं खाली करून आतला माणूस म्हणाला, ‘बाई, लागलं का? या पावसात एकट्या कशाला निघालात?’ मी म्हटलं, ‘एरवी दोघी असतो.’ तो मागे कुणी आहे का बघायला लागला. म्हटलं, जा तुम्ही.

गाडीकडे पाठ केली, एक हात हँडलला, एक सीटखाली, पायांनी जोर लावला. दुसऱ्या खेपेला उठली. चालू व्हायला तिनं तीन किका घेतल्या. बसणी, शिरगाव करत सावकाश घरी आले, दुसऱ्या गिअरवर, मागच्या सगळ्यांचे हॉर्न ऐकत.

अंगणात शिरले तर ओटीवर दोघं उभी. आत्यांची नजर सलवारीवरच्या लाल चिखलावर, मग कोपरावर. येताना मी एक उत्तर तयार करून आणलं होतं, ट्रकनं चिखल उडवला म्हणून. ते बोलायला तोंड उघडलंही होतं.

‘पडलीस ना?’ आत्या म्हणाल्या.

‘हो, पडले.’

सुहास पायऱ्या उतरून पावसात आला. आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोपर हातात धरून उलटंसुलटं केलं. पावसात असा बिनछत्रीचा मी त्याला कित्येक वर्षांत बघितलेला नाही. ‘आता तरी पुरे ना?’ त्यानं विचारलं. रागानं नव्हे, अगदी मनापासून विचारलं त्यानं.

‘नाही. उद्या ऑफिसला हिच्यावरूनच जाणार आहे. आणि गिऱ्हाइकाला तू सांगतोस की मी सांगू?’

आत्या म्हणाल्या, ‘हळद लाव त्याच्यावर आधी,’ आणि आत निघून गेल्या. रात्री सुहासनं फोन करून गिऱ्हाइकाला नाही सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

आज सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता. साडेनऊला मी गाडी काढली आणि ऑफिसला गेले.